भिंतीवरची नीती आणि टेबलावरची सही

कोणत्याही मोठ्या कचेरीत पाऊल टाकले की स्वागतकक्षाच्या भिंतीवर एक चौकट हमखास दिसते. सचोटी, पारदर्शकता, परस्परांविषयी आदर, ग्राहकाप्रती बांधिलकी अशा चार-पाच भारदस्त शब्दांची ती यादी असते. खाली अध्यक्षांची सही आणि बाजूला कंपनीचे बोधचिन्ह. नव्याने रुजू होणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी कागदांच्या ज्या चळतीवर सह्या कराव्या लागतात, तिच्यात याच शब्दांचा विस्तार असलेली एक पुस्तिकाही असते. भविष्यनिर्वाह निधीचा फॉर्म, बँकेच्या खात्याचा फॉर्म आणि त्या दोहोंच्या मध्ये नीतीचा फॉर्म. तो वाचतो कोण? सही होते, कागद फायलीत जातो आणि माणूस कामाला लागतो.

आचारसंहिता हा शब्द उच्चारला की आपल्याकडे दोन माणसे हटकून बोलू लागतात. पहिला म्हणतो, नीती ही आईच्या मांडीवर शिकायची गोष्ट आहे. पंचविशी उलटलेल्या माणसाला ती छापील कागदावरून काय शिकवणार? दुसरा अधिक व्यवहारी असतो. तो म्हणतो, ज्याला खायचे आहे तो नियम पाठ करून खाईल आणि ज्याला खायचे नाही त्याला नियमाची गरजच काय? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु दोघेही एका तिसऱ्या माणसाला विसरतात. हा तिसरा माणूस संतही नाही आणि चोरही नाही. त्याला पगार आहे, घराच्या कर्जाचा हप्ता आहे, मुलांच्या शाळेची फी आहे आणि डोक्यावर साहेब आहे. कचेऱ्यांत बहुसंख्या याच माणसाची असते. एखाद्या संध्याकाळी साहेब त्याच्यापुढे कागद सरकवून म्हणतात, ‘‘कर रे सही, बाकी मी बघतो.’’ त्या क्षणी त्याच्या हाताशी काय असते, हा कामाच्या ठिकाणच्या नीतीचा खरा प्रश्न आहे.

संहिता निरुपयोगी असतात असे म्हणणाऱ्यांच्या हाती एक बिनतोड उदाहरण आहे आणि ते महाराष्ट्राला चांगलेच परिचयाचे आहे. एन्रॉन! गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पामुळे हे नाव १९९०च्या दशकात आपल्या घराघरांत पोहोचले. १९९३चा वीजखरेदी करार, १९९५ साली युती सरकारने रद्द केलेला प्रकल्प, पुढच्याच वर्षी नव्या अटींवर झालेले त्याचे पुनरुज्जीवन, १९९९ मध्ये सुरू झालेला ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा आणि मे २००१ मध्ये वीज मंडळाने वीज घेणे थांबवल्यावर बंद पडलेली ती अवाढव्य यंत्रे, हा सारा इतिहास वाचकांना नव्याने सांगायला नको. त्याच कंपनीच्या ह्यूस्टनमधल्या मुख्यालयात काय चालले होते, ते मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

एन्रॉनने आपली चार मूल्ये जाहीर केली होती : आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता. जुलै २००० मध्ये कंपनीने चौसष्ट पानांची आचारसंहिता कर्मचाऱ्यांच्या हाती दिली. तिला अध्यक्ष केनेथ ले यांची प्रस्तावना होती. स्वतःचा आर्थिक स्वार्थ आणि कंपनीचे हित यांची गल्लत होऊ देऊ नये, हे तत्त्व त्या संहितेत स्पष्ट होते. मौज अशी, की त्याआधीच, १९९९ साली, कंपनीच्या संचालक मंडळाने एका माणसाला या तत्त्वातून रीतसर ठराव करून सूट दिली होती. तो माणूस म्हणजे कंपनीचा मुख्य वित्त अधिकारी अँड्र्यू फास्टाव. कंपनीशी व्यवहार करणाऱ्या भागीदारी संस्था त्याने स्वतःच चालवायच्या, म्हणजे विकणाऱ्याच्याही बाजूने तो आणि घेणाऱ्याच्याही बाजूने तोच, असा हा प्रकार होता. या भागीदाऱ्यांतून त्याला तीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाल्याचे पुढे उघड झाले. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि निवृत्तीसाठी कंपनीच्या शेअर्समध्ये ठेवलेली त्यांची पुंजी मातीमोल झाली.

इकडे गुहागरात ‘आदर’ या मूल्याचा अर्थ कसा लावला जात होता? प्रकल्पाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांना झालेली मारहाण आणि अटकसत्रे यांवर ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेने १९९९ साली सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला आणि या दडपशाहीत कंपनीचाही वाटा असल्याचा ठपका ठेवला. कंपनीने तो अर्थातच नाकारला. परंतु ह्यूस्टनच्या भिंतीवरचे शब्द कोकणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचताना वाटेत कुठेतरी गळून पडले, एवढे म्हणायला हरकत नाही.

मग संहिता म्हणजे निव्वळ देखावा, असा निष्कर्ष काढायचा काय? इथे घाई करून चालणार नाही. एन्रॉनची संहिता वाईट लिहिली होती म्हणून कंपनी बुडाली नाही. उलट ती व्यवस्थित लिहिली होती आणि तिच्यातला नियम फास्टावच्या आड येत होता, म्हणून तर त्याला सूट देणारा ठराव करावा लागला. म्हणजे नियमाने आपले काम केले होते. त्याने धोक्याची घंटा वाजवली होती. ती घंटा ज्यांनी ऐकायची त्यांनीच ती हाताने धरून ठेवली. कुंपणच शेत खाऊ लागले तर दोष कुंपणाच्या कल्पनेला देता येत नाही. अमेरिकी कायदेमंडळानेही धडा घेतला तो हाच. २००२च्या सार्बेन्स-ऑक्स्ली कायद्यान्वये कंपन्यांना वरिष्ठ वित्त अधिकाऱ्यांसाठी नीतिसंहिता आहे की नाही आणि नसल्यास का नाही, हे जाहीर करणे भाग पडले. शिवाय अशा संहितेतून कोणाला सूट दिली, तर तीही ताबडतोब जाहीर करणे बंधनकारक झाले. संहितेची खरी परीक्षा तिच्या कलमांपेक्षा तिच्या अपवादांत असते, हे त्या देशाला फार मोठी किंमत मोजून कळले.

वरच्याने स्वतःला बांधून घेणे म्हणजे काय, याचा वस्तुपाठ पाहायला परदेशी जायची गरज नाही. पुण्यात १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिच्या आजीव सभासदांनी अल्प वेतनावर वीस वर्षे संस्थेची सेवा करण्याचे बंधन आपण होऊन पत्करले. पुढे वाद निघाला तो याच बंधनाच्या अर्थावरून. आजीव सभासदाने आपला सगळा वेळ आणि सगळी कमाई संस्थेलाच द्यायची, की शाळा-कॉलेजातले काम चोख केल्यावर उरलेल्या वेळात बाहेरचे काम करायला त्याला मोकळीक आहे? टिळकांचा आग्रह पहिल्या अर्थाचा होता. आगरकर, गोखले प्रभृतींना दुसरा अर्थ मान्य होता. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्यावर वाद विकोपाला गेला आणि १८९० साली टिळकांनी सविस्तर कारणे नोंदवून राजीनामा दिला.

या भांडणात व्यक्तिगत कटुता नव्हती असे कोणी म्हणणार नाही, भरपूर होती. परंतु भांडण होते ते कोणत्या गोष्टीवरून, हे पाहिले पाहिजे. ज्यांनी संस्था काढली तेच एकमेकांना विचारत होते, की आपण स्वतःवर घालून घेतलेला नियम आपण पाळतो आहोत काय? शिपायाने किंवा कारकुनाने काय करावे हा तिथे प्रश्नच नव्हता. आणि पुढची गोष्ट अधिकच बोलकी आहे. १९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला तेव्हा सभासदांसाठी सात प्रतिज्ञा घातल्या. संस्था देईल त्यात समाधान मानावे आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात आपली शक्ती खर्च करू नये, अशा आशयाची प्रतिज्ञा त्यांत होती. पंधरा वर्षांपूर्वी ज्या मुद्द्यावर आपल्याकडे बोट दाखवले गेले होते, त्याच मुद्द्यावर गोखल्यांनी आपल्या संस्थेचा नियम अधिक कडक केला. लिहिलेल्या नियमाचा हा एक मोठा गुण. त्याच्यावर वाद घालता येतो, आणि त्या वादातून पुढचा नियम अधिक शहाणा होऊ शकतो. मनातल्या नीतीवर वाद घालता येत नाही. तिथे फक्त एकमेकांच्या हेतूंवर शंका घेता येते.

लेखी नियमाचा दुसरा गुण अधिक महत्त्वाचा आहे. जे सर्वांना ठाऊक असते पण कोणी बोलत नाही, त्याला तो नाव देतो. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवींनी १९९२ साली एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. काम सरकारचे, ते करताना ओढवलेले संकट मात्र त्या बाईचे एकटीचे, अशी ही स्थिती होती. ‘विशाखा’ आणि इतर संस्थांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. छळ कशाला म्हणायचे याची व्याख्या, तक्रार समिती, तिच्या अध्यक्षपदी स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्री-सदस्या आणि बाहेरच्या संस्थेचा प्रतिनिधी, असे त्यांचे स्वरूप होते. कायदा होईपर्यंत हीच तत्त्वे कायद्यासारखी पाळावीत, असा आदेश होता. प्रत्यक्ष कायदा व्हायला २०१३ साल उजाडले. म्हणजे सोळा वर्षे हा देश या बाबतीत एका आचारसंहितेवरच चालला.

त्यापूर्वीच्या कचेऱ्या आठवून पाहा. साहेबांचा ‘स्वभावच तसा’ आहे, त्यांच्या केबिनमध्ये एकटीने जायचे नाही, उशिरा थांबायचे नाही, ही माहिती बायका एकमेकींना जेवणाच्या सुट्टीत दबक्या आवाजात देत. ज्येष्ठ बाईंनी नवीन मुलीला दिलेला तो सल्ला हीच त्या काळची संरक्षण व्यवस्था. त्या मुलीला छळ होतो आहे हे कळत नव्हते असे नाही. पण ते कोणत्या शब्दांत सांगायचे आणि कोणाला सांगायचे, याचे उत्तर कचेरीत कुठेही लिहिलेले नव्हते. १९९७ नंतर ते लिहिले गेले. त्याने सगळे साहेब सुधारले काय? मुळीच नाही. गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच या कायद्याच्या अंमलबजावणीतल्या गंभीर त्रुटींबद्दल खेद व्यक्त करावा लागला. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, असे कायदा सांगतो. ती अनेक ठिकाणी कागदावरच असते. तरीही फरक पडला आहे. पूर्वी जी तक्रार केली की ‘हिचेच काहीतरी असेल’ असे म्हटले जाई, ती आज नियम क्रमांक सांगून करता येते. ‘मला हे आवडत नाही’ आणि ‘हे नियमाविरुद्ध आहे’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेवढे अंतर एका लेखी संहितेने कापले.

आता पुन्हा त्या कारकुनाकडे येऊ, ज्याच्यापुढे साहेबांनी कागद सरकवला आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६४च्या वर्तणूक नियमांत एक तरतूद आहे. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, पण आपल्या कार्यालयीन नीतीचे सार तिच्यात आहे. वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा. तोंडी आदेश शक्यतो टाळावा, आणि तो देणे अपरिहार्यच झाले तर वरिष्ठाने लगेच तो लेखी कळवावा. इतकेच नव्हे, तर ज्याला तोंडी आदेश मिळाला त्याने शक्य तितक्या लवकर तो लेखी मागून घ्यावा, आणि मागितल्यावर तो देणे हे वरिष्ठाचे कर्तव्य आहे.

या नियमात सचोटी हा शब्द नाही, मूल्ये नाहीत, उपदेश नाही. परंतु त्याने कनिष्ठाला एक वाक्य दिले आहे : ‘‘साहेब, तेवढे फायलीवर लिहून द्या.’’ ज्याने कचेरीत काम केले आहे त्याला या वाक्याची ताकद सांगायला नको. लेखी द्यायची वेळ आली की निम्मे चुकीचे आदेश जागच्या जागी विरघळतात. आणि हे वाक्य उच्चारणाऱ्याला ‘मी तुमच्यापेक्षा प्रामाणिक आहे’ अशी फुशारकी मारावी लागत नाही. तो फक्त नियम सांगत असतो. साहेबांचाही अपमान होत नाही आणि त्यालाही हुतात्मा व्हावे लागत नाही. नीतीसाठी दररोज शौर्य गाजवावे लागत असेल, तर ती कचेरी फार काळ नीतीने चालणार नाही. सामान्य धैर्याच्या माणसालाही सरळ वागणे परवडले पाहिजे. संहितेचे काम ते परवडवण्याचे आहे.

पण हे वाक्य उच्चारल्यानंतर काय होते? इथे आपली खरी कसोटी लागते, आणि इथेच आपण नापास होत आलो आहोत. एन्रॉनमध्ये शेरॉन वॉटकिन्स या अधिकारी महिलेने ऑगस्ट २००१ मध्ये अध्यक्षांना पत्र लिहून हिशेबातल्या घोटाळ्यांविषयी सावध केले. काही दिवसांतच, त्यांना कामावरून काढले तर कायद्याने काय अडचण येईल, याविषयी वकिलांचे मत कंपनीच्या हाती आले होते. चौसष्ट पानांच्या संहितेचा खरा अर्थ त्या एका पत्रव्यवहारात वाचायला मिळतो.

आपल्याकडची गोष्ट याहून विदारक आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील तरुण अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पाच्या कामातील भ्रष्टाचाराविषयी नोव्हेंबर २००२ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहिले. आपले नाव गुप्त ठेवावे, अशी त्यांची विनंती होती. ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे दुबे यांचा खून झाला. तो लुटीच्या प्रयत्नात झाला असा तपासाचा निष्कर्ष निघाला आणि त्यानुसार पुढे शिक्षाही झाल्या. अनेकांचे त्याने समाधान झाले नाही. पण तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट निर्विवाद उरते. नाव गुप्त ठेवा, ही एका सरकारी नोकराची साधी विनंती सरकारी यंत्रणेने पाळली नाही. त्यानंतर २००४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाकडे अशा तक्रारी घेण्याची जबाबदारी सोपवणारा ठराव निघाला. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत व्हायला २०१४ उजाडले, आणि संमत होऊनही तो अमलात आणणारी अधिसूचना पुढे वर्षानुवर्षे निघाली नाही. वरातीमागून घोडे म्हणतात ते असे. आणि इथे तर घोडाही तबेल्यातच बांधून ठेवलेला!

खून ही टोकाची गोष्ट झाली. नित्याचे हत्यार बदलीचे असते. सरळ माणसाला कोणी नियमभंग करायला सांगत नाही, त्याला फक्त तिथून हलवले जाते. महाराष्ट्राने २००५ साली बदल्यांचे विनियमन करणारा कायदा केला. एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षे, आणि मध्येच बदली करायची तर त्याची कारणे लेखी नोंदवायची, असे त्याचे सूत्र आहे. त्यातून पळवाटा काढल्या जातात हे खरे. पण कारण लिहावे लागते म्हणूनच तर बदली झालेल्या माणसाला त्या कारणाला न्यायाधिकरणापुढे आव्हान देता येते. खासगी क्षेत्रात २०१३च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपन्यांना दक्षता यंत्रणा ठेवणे सक्तीचे केले, आणि तक्रार करणाऱ्याचा छळ होणार नाही अशी व्यवस्था तिच्यात असावी असे बजावले. या तरतुदी रुक्ष वाटतात. भिंतीवर लावण्यासारखे त्यांत काही नाही. परंतु त्या नसतील तर भिंतीवरच्या शब्दांना कवडीची किंमत नाही.

म्हणून एखाद्या संस्थेची संहिता हाती आली, तर तिच्यातली मूल्ये वाचण्यात फार वेळ घालवू नये. ती सगळीकडे सारखीच असतात. सत्यम कॉम्प्युटर्सला २००८ साली उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला होता, आणि ७ जानेवारी २००९ रोजी त्याच कंपनीच्या अध्यक्षांनी हजारो कोटींच्या खोट्या हिशेबांची लेखी कबुली दिली. वाचायचे ते पुढचे. हा नियम सर्वांत वरच्या माणसाला लागू आहे काय? त्याला सूट द्यायची झाल्यास ती कोण देणार आणि कोणाला कळणार? तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच टेबलावर ती जाणार नाही ना? आणि गेल्या काही वर्षांत ज्याने या पुस्तिकेचा हवाला देऊन ‘नाही’ म्हटले, तो माणूस आज कुठे आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेत सापडत नाही. ते त्या कचेरीतल्या जुन्या शिपायाला, टेलिफोन ऑपरेटरला, लेखा विभागातल्या ज्येष्ठ बाईंना अचूक ठाऊक असते. प्रत्येक कर्मचारी संहितेवर सही पहिल्या दिवशी करतो, पण तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे तो त्या माणसाचे काय झाले यावरूनच ठरवतो.

संहितेने दुर्जनांचे सज्जन होत नाहीत. तशी अपेक्षाही कोणी ठेवू नये. तिचे काम त्याहून मर्यादित आणि म्हणूनच साध्य होण्याजोगे आहे. ज्याला बरे वागायचे आहे पण एकट्याने उभे राहण्याची ज्याची ताकद नाही, त्याच्या पाठीशी एक भिंत उभी करणे, एवढेच ते काम. भिंतीवर चौकट टांगणे सोपे असते. संध्याकाळी, कचेरी रिकामी होत असताना, कागदावरून हात मागे घेणाऱ्या कारकुनाला टेकता येईल अशी भिंत बांधणे अवघड. ते ज्या संस्थेला जमले तिने चौकट लावली नाही तरी चालेल.